सिदूअण्णांचे एकवीस दिवस

सिदूअण्णा कुणाच्या घरी पहिल्यांदा गेले की स्वतः आत जायच्या आधी आपली एक चप्पल आत पाठवायचे. फाटकाशी उभं राहून डाव्या पायातली चप्पल काढायची, फाटकाखालच्या फटीतून आत सरकवायची आणि आपण बाहेर रस्त्यावर उकिडवं बसायचं, घराकडे पाठ करून. आत घरचं कुत्रं भुंकून घसा कोरडा करत असायचं. मग ते चपलेपाशी यायचं, हुंगायचं, बाजूला व्हायचं, परत यायचं. यात दहा मिनिटं जायची, कधी वीस. घरमालक ओशाळून म्हणायचा, "अहो, आत या ना. तो काही करत नाही."

अण्णा मागे न बघता म्हणायचे, "त्यो काय करत न्हाई, पर त्येचं त्येला ठरवू द्या की. आदी चप्पल जाऊ दे. मी मागनं येतो."

आमच्याकडेही ते असेच आले. आमची चंपा तेव्हा दहा वर्षांची होती. तिच्या कानामागे जखम चिघळून आळ्या पडल्या होत्या आणि ती हेमंतला, म्हणजे माझ्या नवऱ्यालासुद्धा, जवळ येऊ देत नव्हती. कुणीतरी म्हणालं, कॉलनीच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांत एक म्हातारा राहतो, गुरांच्या दवाखान्यात होता, त्याला बोलवा. कागदोपत्री त्या जागेला व्रणोपचारक म्हणतात. अण्णा स्वतःला ड्रेसर म्हणायचे. आटपाडीकडचे. घराणं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे फिरलेलं. त्यातले हे एकटे नोकरीला लागले आणि बदल्या होत होत साताऱ्यात येऊन निवृत्त झाले. उंच, वाळका देह, पांढरा पायजमा आणि नोकरीतला उरलेला खाकी शर्ट. बायकोचं नाव हिराबाई. एकुलती मुलगी मिरजेला दिलेली.

चंपाने चप्पल मंजूर केल्यावर अण्णा आत आले, तिच्याकडे न बघता तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि मला विचारलं, "बाई, तुमी ह्या घरात कवा आला?"

मी म्हटलं, "लग्न झालं तेव्हा. नऊ वर्षं झाली."

"आन ह्या?"

चंपाला हेमंतने लग्नाच्या वर्षभर आधीच आणलं होतं. मी तसं सांगितलं.

"म्हंजी ह्या तुमच्याबी आदीच्या," अण्णा म्हणाले. "मग ह्यास्नी आवं म्हणाय नगो व्हय?" आणि तिच्याकडे वळून त्यांनी अगदी सासूशी बोलावं तशा सुरात सुरुवात केली, "चंपाबाई, आवं, जरा मान वळवा. हां. लय दुखतंय न्हवं? एवढंच ऱ्हायलंय बघा."

चंपाने मान वळवली. मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. आदरार्थी बहुवचनाचं एवढं चोख उदाहरण मला वर्गात कधी देता आलं नव्हतं. अण्णांचा तो नियमच होता. घरातल्या जुन्या कुत्र्याला "आवं," नव्याला "रं." नवं कुत्रं मुरलं, घरचं झालं, की एक दिवस त्यालाही "आवं" लागायचं, आणि ते लागलं की मालकांना बरं वाटायचं.

कारण अण्णांना लोक बोलवायचे ते मुख्यतः याच कामाला. ज्या घरात आधीच कुत्री आहेत, त्या घरात नवं कुत्रं आणायचं असलं की अण्णा. अलीकडे आमच्या भागात हे फार झालंय. मुलं पुण्याला, परदेशात. मागे मोठे बंगले आणि दोन माणसं. मग एकाचं एकाकीपण घालवायला दुसरं कुत्रं येतं आणि दोघांची जुंपते. डॉक्टर टाके घालतात. जुंपूच नये म्हणून काय करायचं ते मात्र अण्णांनाच ठाऊक होतं.

त्यांची पद्धत मी पहिल्यांदा पाहिली ती लाडूच्या वेळी. लाडू आमच्या शाळेच्या आवारातला कुत्रा, मोटारसायकलखाली पाय सापडलेला. मी त्याला रिक्षात घालून थेट घरी निघाले होते. अण्णांनी मला कॉलनीच्या तोंडाशीच अडवलं.

"बाई, पावणा आणताय का सवत?"

मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "हसायचं न्हाई. चंपाबाईंच्या जागी बसून बघा जरा."

मग त्यांनी एकवीस दिवस मागितले. लाडूला शेजारच्या मोकळ्या प्लॉटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. पहिले दिवस भेट नाहीच. चंपा ज्या पोत्यावर निजायची ते लाडूला, लाडूचं पोतं चंपाला. नुसता वास. त्यानंतर दोघांना फिरवायला न्यायचं, रस्त्याच्या दोन कडांनी, एकाच दिशेने, तोंडासमोर तोंड येऊ न देता. मग शेडमधून लाडूची दोरी रोज दहा पावलं घराजवळ बांधायची. रोज दहाच. मी एकदा म्हटलं, आज दोघं शेपट्या हलवताहेत, आज वीस करू या. अण्णांनी पावलं मोजूनच दाखवली, दहा, आणि खुंटी ठोकली.

"आमचा बा असंच करायचा," ते म्हणाले. "मेंढराला नवं कुतरं आणलं की तळापास्नं लांब बांधायचा. रोज धा पावलं. आदीची दोन-तीन कुत्री असायची, लांडग्यासंगं झुंजल्याली. त्यास्नी घाई केली तर नवं फाडून खायची. एकविसाव्या दिशी बा दोरी सोडायचा आन तितंच आडवा व्हायचा, झोपायचा. मी म्हणायचो, बा, झोपतोस काय! त्यो म्हणायचा, माजं काम झालं, आता त्यांचं त्यांनी बघायचं."

एकविसाव्या दिवशी अण्णांनी लाडूची दोरी सोडली आणि आमच्या अंगणात पाठ करून बसले. चंपा उठली, लाडूला पुढून-मागून हुंगलं आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन पसरली. लाडू तिच्यापासून हातभर अंतरावर बसला.

"झालं," अण्णा म्हणाले. "च्या टाका."

म्हणजे मला माहीत होतं. पुढे जे झालं ते मला माहीत नव्हतं म्हणून झालं नाही, हे इथेच सांगून ठेवते.

आमच्या शेजारी सुभेदार निकम राहतात. फौजेत आयुष्य काढलेला माणूस, आवाजही तसाच. त्यांच्याकडे रॉकी नावाचं जर्मन शेफर्ड होतं, दुसरं आणलं. अण्णांनी दोघांना फिरवायला काढलं की रॉकी नव्यावर धावून जायचा. चार दिवस झाले, पाच झाले. सहाव्या दिवशी अण्णा त्यांना म्हणाले, "सुभेदारसाहेब, एक इनंती हाय. तुमी घरात जाऊन पेपर वाचा."

"माझं कुत्रं आहे! माझी ऑर्डर मानतं!"

"मानतंय तेच वंगाळ हाय. तुमी दोरी बघा कशी धरलीया. नवं दिसलं की तुमचा हात ताणतोय. दोरीतनं त्येला कळतंय, मालक भ्यालाय. मालक भ्यालाय म्हंजी समोर काय तरी भ्यायसारखं असणार. मग त्यो तुमच्यासाठनंच धावतोय."

सुभेदारांना असं कुणी बोललं नसावं. कॉलनीतले आम्ही तीन-चार जण गॅलरीतून ऐकत होतो. सुभेदार लालबुंद झाले, पण दोरी अण्णांच्या हातात दिली आणि खरोखरच आत गेले. अण्णांनी दोरी आपल्या कमरेला सैल बांधली, दोन्ही हात मागे घेतले आणि रॉकीला घेऊन किल्ल्याच्या रस्त्याने संथ चालत गेले, देवळात निघाल्यासारखे. त्या दिवसापासून सुभेदार अण्णांचे भक्त झाले. ज्याला त्याला सांगायचे, हा माणूस फौजेत असता तर मी याला सॅल्यूट केला असता.

माझे वडील सांगलीला एकटे राहायचे. आई गेल्यावर त्यांनी भैरूला पिल्लू असताना आणलं होतं. पाच वर्षांत भैरू मोठा, रुंद छातीचा, तपकिरी झाला; वडील सोडून दुसरं जग त्याने पाहिलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी वडील गेले. दिवसकार्य झालं आणि घर बंद करायची वेळ आली तेव्हा दादा, माझा थोरला भाऊ, म्हणाला, "भैरूला कुणा मळेवाल्याला देऊन टाकू." सगळे नातेवाईक बसले होते. मी म्हटलं, "नाही. तो माझ्याकडे येईल."

दादा हसला. "तुझ्याकडे आधीच दोन आहेत. आणि तू कुठलीही गोष्ट शेवटापर्यंत नेलीयेस का कधी?"

तो चेष्टेनेच बोलला. पण सगळ्यांसमोर बोलला. ते माझ्या मनात काट्यासारखं राहिलं.

मी अण्णांना फोन केला. ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने सांगलीला आले. चप्पल सरकवायचा प्रश्नच नव्हता. भैरू भुंकतच नव्हता. वडिलांच्या कॉटखाली पडून होता, पाणीसुद्धा घेत नव्हता. अण्णा कॉटशेजारी फरशीवर बसले ते दोन दिवस बसूनच राहिले. मी म्हटलं, अण्णा, याला गाडीत घालून निघू या का?

"त्येचा मालक गेलाय बाई. तुमाला सुतक हाय तसं त्येलाबी हाय. फिटू द्या."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भैरू कॉटखालून बाहेर आला आणि अण्णांच्या मांडीला लागून बसला. अण्णांनी खिशातला भाकरीचा तुकडा तळहातावर ठेवला. त्याने तो खाल्ला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून रडले. वडील गेल्यावर तोवर मला नीट रडू आलं नव्हतं.

साताऱ्यात भैरू त्याच पत्र्याच्या शेडमध्ये राहिला. पोती बदलली, फिरणं सुरू झालं. या वेळी अण्णा जास्त सावध होते. "ह्यो वाईट न्हाई," ते म्हणायचे, "पर ह्येला वाटून खायची सवय न्हाई. जे हुतं त्ये सगळं ह्येचंच हुतं. थाळी तर अजिबात एका जागी ठेवायची न्हाई. पुढं म्हयनाभर न्हाई." दहा पावलं, दहा पावलं करत खुंटी निम्म्यावर आली. तेराव्या दिवशी आटपाडीहून निरोप आला, अण्णांची थोरली भावजय गेली. त्यांना जाणं भाग होतं.

निघताना ते फाटकाशी थांबले. "पाच दिवसांत येतो. मी येस्तवर खुंटी हलवायची न्हाई आन प्लॉटचं फाटक उघडायचं न्हाई. खायला-प्यायला तितंच. बाई, ऐकलं न्हवं?"

मी म्हटलं, ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "मग? जमलं का तुझं कुत्र्यांचं?"

आणि मी म्हटलं, "कधीच जमलं. तिघं एकत्रच असतात अंगणात."

का म्हटलं? तोंडातून गेलं, एवढंच. तो म्हणाला, "अरे वा! मग रविवारी येतोच आम्ही. मुलांनाही बघायचंय भैरूला."

रविवारपर्यंत तीन दिवस होते. त्यात मी दादाला फोन करून खरं सांगू शकत होते. त्याऐवजी मी तीन दिवस शेडकडे बघत स्वतःला समजावत राहिले, की भैरू आता किती शांत आहे, की अण्णा जरा जास्तच करतात, की लाडूच्या वेळीसुद्धा पंधराव्या दिवशी सोडलं असतं तरी चाललं असतं. हेमंतला मी काही बोलले नाही. रविवारी सकाळी तो मटण आणायला गेला. अकरा वाजत आले होते. मी प्लॉटचं फाटक उघडलं आणि भैरूची दोरी सोडली.

पहिली दोन-तीन मिनिटं काही झालं नाही. भैरूने अंगण हुंगलं. लाडू लांबून बघत होता. चंपा, तेरा वर्षांची, ओसरीवर आपल्या जागी पडल्या पडल्या एक डोळा उघडून बघत होती. मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन तीन थाळ्या वाढून आणल्या. दादाची गाडी वळेल तेव्हा त्याला फाटकातून दिसावं, तीन थाळ्या ओळीने आणि तीन कुत्री माना खाली घालून जेवताहेत. त्या चित्रासाठी मी थाळ्या ओसरीवर एकमेकींना लागून मांडल्या.

भैरूने आपली थाळी संपवली आणि चंपाच्या थाळीकडे वळला. चंपा गुरगुरली. तिचा तो हक्कच होता. पुढच्या क्षणी भैरूने तिची मान धरली होती, लाडू भैरूच्या अंगावर होता, आणि मी ओरडत भैरूचा पट्टा ओढत होते. जितकं ओढलं तितकं त्याने घट्ट धरलं. मग मी हात घातला, त्याच्या जबड्यापाशी. हात घालायचा नाही, पाणी ओतायचं, मागचे पाय उचलायचे, हे अण्णांनी मला दहा वेळा सांगितलं होतं.

फाटक वाजलं. अण्णा होते. खांद्याला पिशवी. भावजयीची राख सावडून, एक दिवस आधीच परत निघून, स्टँडवरून ते थेट आमच्याकडे आले होते. मला बाजूला ढकलायला त्यांनी त्या गुंत्यात हात घातला. माझा हात सुटला. भैरूने चंपाला सोडलं आणि जे तोंडात आलं ते धरलं. तो अण्णांचा उजवा हात होता.

अण्णा ओरडले नाहीत. डाव्या हाताने त्यांनी भैरूच्या कपाळावर थोपटलं आणि हळू आवाजात म्हणाले, "सोड रं. सोड, बाळा. मी हाय."

भैरूने सोडलं आणि मागे सरकून भिंतीला चिकटून थरथरत उभा राहिला.

तेवढ्यात गल्लीतली माणसं गोळा झाली, सुभेदार आले, आणि त्यांच्या मागोमाग दादाची गाडी. अंगणात रक्त, चंपा कण्हतेय, थाळ्या पालथ्या. अण्णा आपला हात टॉवेलात गुंडाळत होते. टॉवेल लाल होत होता. दादाने मुलांना गाडीतच थांबवलं आणि फाटकातून ओरडला, "कुणी सोडलं याला? तू तर म्हणालीस सगळं जमलंय!"

सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "अण्णा म्हणाले होते, आता चालेल म्हणून."

हे वाक्य मी नंतर हजार वेळा मनात ऐकलंय. त्यात माझा आवाज कापतसुद्धा नाही.

अण्णांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांची पिशवी अजून खांद्याला होती, चपलांवर आटपाडीची धूळ होती. कुणीही नीट बघितलं असतं तर कळलं असतं की हा माणूस आत्ताच गावाहून येतोय. ते थोडा वेळ थांबले. मला वाटतं, माझ्यासाठी थांबले. मग दादाकडे वळून म्हणाले, "व्हय साहेब. माजा अंदाज चुकला."

सुभेदार म्हणाले, "अण्णा, तुम्ही? तुम्हीच असं करायचं?"

अण्णा टॉवेल आवळत राहिले. दादा भैरूला संपवून टाका म्हणत होता. तेवढ्यावर मात्र ते बोलले. "त्येची काय चूक न्हाई. त्येला मी नेतो." आणि दुसऱ्या दिवशी मिरजेचा जावई टेम्पो घेऊन आला. एका हाताला जाड पट्टी, दुसऱ्या हातात भैरूची दोरी, असे अण्णा गेले. मिरजेला त्यांच्या हातावर शस्त्रक्रिया झाली. शिरा तुटल्या होत्या. तो अंगठा पुन्हा कधी नीट मिटला नाही.

चंपा आठव्या दिवशी गेली. जखमेत पू झाला आणि त्या वयात तिला तो सोसला नाही.

अण्णा तेव्हा गावाला होते हे हेमंतला ठाऊक होतं. तो त्या दिवशी मटणाची पिशवी घेऊन फाटकात उभा राहिला आणि सगळं त्याच्या लक्षात आलं. पिशवी खाली ठेवून तो आधी चंपाला उचलायला गेला. रात्री त्याने एकदाच विचारलं, "तू सांगणारेस की मी सांगू?" मी म्हटलं, मी सांगते. मग मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. दादा फोनवर म्हणायचा, "तुझी चूक नाही गं, तू त्या म्हाताऱ्यावर विश्वास ठेवलास." मी गप्प बसायचे. कॉलनीत बायका म्हणायच्या, वय झालं की माणसाचं असं होतं. मी मान हलवायचे. एक महिन्याने हिराबाई त्या दोन खोल्या रिकाम्या करून सामान आटपाडीला न्यायला आल्या. आमच्या घरावरून गेल्या तेव्हा मी खिडकीचा पडदा ओढून आत उभी होते. त्यांनी बेल वाजवली नाही. वाजवली असती तर मी दार उघडलं असतं का, कोण जाणे.

दोन वर्षांनी मी एका प्रशिक्षणाला विट्याला गेले होते. तिथून आटपाडी फार लांब नाही. शेवटच्या दिवशी सगळ्या शिक्षिका खरेदीला गेल्या आणि मी एसटीत बसले. गावात विचारत विचारत घर सापडलं. भोवती माळ, बाजूला मेंढरं कोंडायचं जाळीचं वाघूर, अंगणात लिंबाखाली अण्णा बाजेवर बसलेले. खाकी शर्ट तोच. मला ओळखून ते उठले. "आवं, बाई! या, या. हिरा, बाई आल्यात बघ, साताऱ्याच्या."

भैरू कुठूनसा धावत आला. मागोमाग पुतण्याची दोन कुत्री. भैरू मला हुंगून अण्णांच्या पायाशी बसला आणि ती दोघं त्याच्या अंगावर डोकी ठेवून पसरली. अण्णा कौतुकाने म्हणाले, "एकवीस दिवसांत झालं न्हाई बरं का. ह्येला चाळीस लागलं. पर आता थाळीबी एकच चालती. भैरोबा, आवं, सांगा बाईंस्नी."

भैरूला आवं लागलं होतं.

मी वाटेत काय बोलायचं ते सगळं ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी मी..."

त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. घाईने विचारलं, जणू दोन वर्षं तेवढंच विचारायचं राहिलं होतं, "चंपाबाई कशा हायत?"

मी त्यांच्या हाताकडे बघत होते. अंगठा वेगळा, ताठ उभा होता.

"गेली," मी म्हटलं. "थंडीत. वयानेच गेली. झोपेतच."

अण्णांनी डोळे मिटले. श्वास सोडला. "बरं झालं बाई. म्हंजी आपल्यामुळं न्हाई."

आपल्यामुळं, म्हणाले. तुमच्यामुळं म्हणाले नाहीत. चहा प्यायले, उठले.

हिराबाई मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. अख्ख्या भेटीत त्या बोलल्या नव्हत्या. आडोशाला आल्यावर थांबल्या.

"चंपाचं मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "खोल्या सोडाय आले तवाच कळलं. मी ह्यांना सांगितलं न्हाई. रोज इचारत्यात, त्या कशा असतील म्हणून. तुमी आज सांगितलं त्ये खोटं ऱ्हाऊ द्या. पर पयलं खोटं तेवढं माघारी घ्या. हितं न्हाई. आमाला काय सांगायचं, ह्ये तितंच हुतं. जितं बोलला तितं जाऊन घ्या."

मी "हो" म्हटलं. त्या वळून निघून गेल्या.

तिथे जाऊन घ्यायलाही मला वर्षभर जमलं नाही, आणि ते वर्ष पुरतं व्हायच्या आत मिरजेच्या जावयाचा हेमंतला फोन आला, की अण्णा गेले. त्या दिवशी मी दादाला फोन केला आणि सांगितलं. तो म्हणाला, "मी त्यांना नमस्कारसुद्धा न करता निघालो होतो गं." संध्याकाळी मी सुभेदारांकडे गेले. त्यांच्या ओसरीवर कॉलनीतले आणखी चौघे बसले होते, त्यांच्यासमोरच बोलले. कुणी म्हणालं, जाऊ द्या हो बाई, झालं ते होऊन गेलं. सुभेदार उठून उभे राहिले. त्यांचा तो दणदणीत आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक.

"पेन्शनच्या कामासाठी आला होता तो एकदा साताऱ्याला," ते म्हणाले. "माझ्या रॉकीला बघायला आला. मी त्याला फाटकावरनं परत पाठवला. म्हटलं, आता नको. तो म्हणाला, बरं साहेब. बाई, तो 'बरं' म्हणाला." आणि ते आत निघून गेले. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

अण्णांना मी शेवटचं पाहिलं ते त्या आटपाडीच्या दिवशी, परतीच्या एसटीतून. एसटी मिळेपर्यंत दिवस कलला होता; गाव सोडून गाडी थोडी पुढे आली आणि रस्त्यात अण्णांच्या पुतण्याची मेंढरं आडवी आली. ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला. अण्णा रस्त्याच्या मधोमध आले आणि त्यांनी डावा हात वर करून गाडी थांबवली. त्यांच्यामागून मेंढरं एकमेकांना खेटत रस्ता ओलांडत होती, संपता संपत नव्हती. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "आवं म्हातारबा, उरका की!" अण्णांनी मान डोलावली, पण मेंढरांना हाकलं नाही. एक लंगडं कोकरू मागे राहिलं होतं. ते रस्त्याच्या कडेला थबकलं होतं. अण्णा त्याच्यासाठी थांबले, अख्खी गाडी थांबली. मी तिसऱ्या बाकावर खिडकीशी होते. काच उघडी होती. हाक मारली असती तर त्यांना ऐकू आली असती. कोकरू पलीकडे गेलं, अण्णांनी हात खाली घेतला, गाडी सुरू झाली, आणि मी खिडकीत तशीच बसून राहिले.